नसीम, त्या दुसऱ्या रिपोर्टबद्दल

नसीम, तुझ्या घरी त्या दिवशी इतक्या बायका जमल्या होत्या की चपला जिन्याच्या वळणापर्यंत गेल्या होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते आणि एकेकीच्या अंगावरचं कापड ओळखत होते. ही टेरिकॉट, ती व्हिस्कोस, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या खालांच्या अंगावर सुती, शंभरदा धुऊन मऊ झालेलं. अशा वेळी असं करणं बरं नव्हे, हे कळत होतं. पण रडू येत नव्हतं आणि डोळ्यांना काहीतरी काम हवं होतं. तू शेजारी असतीस तर ओठ न हलवता म्हणाली असतीस, "सुती बरोबर. दुसरी व्हिस्कोस नाही. नीट बघ." आणि ती खरोखरच व्हिस्कोस नसती.

मग तुझ्या भाभीने मला आत बोलावलं. तिच्या हातात कफनाच्या पांढऱ्या कापडाची घडी होती. "वंदना, तूच बघ," ती म्हणाली. "नसीमनं बघितल्याशिवाय कुणाकडून कापड घेतलं नसतं." मी कडेचा एक धागा ओढला, पीळ उलगडला, बोटांत चोळून पाहिला. सुतीच होतं. मी मान हलवली आणि तिथेच, कपाटाचं दार धरून, मला रडू फुटलं.

तुला घेऊन गेल्यावर मी खाली उतरले. जिन्याशी एक माणूस उभा होता. साठीकडे झुकलेला, डोक्याला टोपी, पांढरा सदरा. उजव्या बाहीतून बाहेर आलेल्या हाताची कातडी ओढल्यासारखी, चकचकीत होती आणि दोन बोटं आत वळलेली होती. त्याला मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तरी तो कोण, हे मला लगेच कळलं. तुझा भाऊ सलीम त्याला म्हणत होता, "मारुतीराव, बसा ना जरा." तो म्हणाला, "बसतो. पन बाईंचं असं अचानक कसं झालं हो?" लॅबमध्ये दुपारी काम करता करता तुझ्या मेंदूतली शीर फुटली, हे सलीमने त्याला सांगितलं. मी मान खाली घालून त्यांच्या शेजारून निघाले आणि रस्त्यावर मिळेल त्या रिक्षात बसले.

भोसरीच्या कारखान्यात ज्याचा हात भाजला, तो हा माणूस. त्या भाजण्यात माझा वाटा होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही आणि तू मला कधी विचारलं नाहीस. म्हणून आता लिहिते आहे.

आपली ओळख भांडणाने झाली, आठवतं? कॉलेजच्या वस्त्रशास्त्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला बाईंनी सगळ्यांना घरून कापडाचे तुकडे आणायला सांगितले होते. मी आईच्या जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा आणला होता. मी वर्ध्याकडची. आमच्याकडे कापूस घरात शिरायचा तो पोत्यांनी. खाटेखाली कापूस, माळ्यावर कापूस, नाकातोंडात कापूस. दिवाळीच्या सुट्टीत वेचणीला जावं लागायचं. बोंडाच्या वाळक्या कवचाची टोकं नखांच्या कडेला टोचायची आणि जेवताना बोटांना तिखट झोंबायचं. आईची लुगडी पावसाळ्यात चार-चार दिवस वाळायची नाहीत, घरभर कुबट वास यायचा. नायलॉनची ती एकच साडी तासाभरात वाळायची. आई म्हणायची, "हे ज्यानं शोधलं ना, त्याच्या घरी तो स्वतः धुणं धूत असेल."

हे मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगितलं. तू शेजारच्या टेबलावरून म्हणालीस, "कापूसवाल्यांची पोर असून नायलॉनची वकिली करून राहिली का?" माझ्या बोलण्याची ती नक्कल इतकी हुबेहूब होती की सगळा वर्ग हसला. मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी तू मला हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी नेलंस. "आधी हा बघ. मग रुसायचं ते रूस."

तो कापसाचा तंतू होता. मी कापसात वाढले, पण कापसाचा तंतू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. चपटी फीत, ठिकठिकाणी पीळ पडलेली. तू काच बदललीस. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले होते. मग पॉलिस्टर आलं, काचेच्या कांडीसारखं गुळगुळीत, कुठे काही खूण नाही. "म्हणून हे पाणी पीत नाही," तू म्हणालीस. "घाम आला तर अंगावरच राहतो. आणि म्हणूनच तुझ्या आईची साडी लवकर वाळते. दोन्ही खरंच आहे. तू एकच सांगतेस."

पुढची वीस वर्षं आपण हेच भांडण भांडलो. तू कापसाची, मी कारखान्यातल्या धाग्याची. मी म्हणायचे, सुती कपडा चुरगळतो, आटतो, त्याला इस्त्री लागते, आणि ती इस्त्री घरातली बाई करते. तू म्हणायचीस, ओलं झालं की सूत आणखी मजबूत होतं, दगडावर आपटलं तरी टिकतं, तुझ्या व्हिस्कोसला आपटून बघ. मी म्हणायचे, व्हिस्कोस माझी नाही, ती लाकडाच्या लगद्याची, ती तुमच्याच घराण्यातली. मग तू हसायचीस. तुझं एक वाक्य मात्र मी तेव्हा कानाआड केलं. "कापड कुठलंच वाईट नसतं, वंदना. त्याला दुसऱ्याचं नाव दिलं की वाईट."

हे तू अब्बांकडून घेतलं होतंस. भवानी पेठेतलं ते रफूचं दुकान म्हणजे एक माणूस आणि एक पेटी मावेल एवढी जागा. माझ्या लोकरीच्या स्वेटरला उंदराने भोक पाडलं तेव्हा तू मला तिथे नेलंस. अब्बांनी स्वेटर उलटा केला, आतल्या शिवणीतून त्याचाच धागा काढला आणि तासभर मान वर केली नाही. परत दिला तेव्हा भोक कुठे होतं ते मला सापडेना. मी विचारलं, "चाचा, टेरिलिनच्या शर्टाला पण असंच होतं का?" ते म्हणाले, "नाही बेटा. त्यात धागा बसत नाही, निसटतो. मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, हे माझ्यानं होणार नाही." काम नाकारताना त्यांच्या चेहऱ्यावर जराही संकोच नसायचा. तुझ्यातही तो नव्हता. माझ्यात होता.

आपण लॅब काढली तेव्हा शहरात रोज एक नवं रेडिमेडचं दुकान उघडत होतं. लक्ष्मी रस्त्यावर काचेमागे पुतळे उभे राहिले, शर्टांवर परदेशी नावं आली, आणि कापड कशाचं आहे हे सांगणारा दुकानदार काउंटरवरून हळूहळू नाहीसा झाला. त्याच्या जागी लेबल आलं. तू म्हणालीस, लेबल खरं की खोटं, हे सांगणारं कुणीतरी लागेल. अब्बांच्या दुकानावरच्या खोलीत एक सूक्ष्मदर्शक, एक बारीक तराजू, एक ओव्हन आणि आम्लाच्या बाटल्या एवढ्यावर आपण सुरुवात केली. माझे सासरे पाहुण्यांना सांगायचे, "सूनबाई काड्या ओढतात आणि वास घेतात. त्याचं ऑफिस काढलंय."

खोटं नव्हतं ते. पहिली परीक्षा काडीचीच. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर ज्योतीपासून आकसतं, वितळतं, ठिबकतं आणि शेवटी टणक काळा मणी उरतो. सदाशिव पेठेतल्या त्या बाई आठवतात? मुलाच्या लग्नातली साडी घेऊन आल्या होत्या. तू पदराआडचा एक धागा जाळलास, वास घेतलास आणि म्हणालीस, "साडी सुंदर आहे. रेशीम नाही." बाई रागावल्या. "व्याह्यांकडून आली आहे. ते असं करणार नाहीत." तू कागद पुढे सरकवत म्हणालीस, "मी साडीचं बघते. व्याह्यांचं नाही." त्या गेल्यावर मी तुला म्हटलं, जरा गोड बोललीस तर काय बिघडेल? तू म्हणालीस, "गोड बोलायला तू आहेस ना." खरंच होतं. गिऱ्हाईक मी आणायचे, तू तपासायचीस.

तो पुरवठादार मीच आणला होता. उंच, नीटनेटका, "ताई, ताई" करणारा. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांना गणवेश पुरवायचा. एका कारखान्याच्या वेल्डिंग विभागासाठी त्याला कापडाची थानं द्यायची होती आणि कारखान्याला लॅबचा कागद हवा होता की कापड पूर्ण सुती आहे. तू त्याच्या गोदामात जाऊन थानातून स्वतः तुकडा कापून आणलास. आम्लात सूत विरघळलं आणि जे विरघळलं नाही ते तू वाळवून तोललंस. जवळजवळ निम्मं पॉलिस्टर होतं. तू तसं लिहिलंस.

तो दोन दिवसांनी पुन्हा आला. त्या दिवशी अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तू दवाखान्यात होतीस. तो माझ्यासमोर बसला. म्हणाला, "ताई, त्या दिवशी मॅडमनी चुकून दुसऱ्याच थानातला तुकडा घेतला. हा बघा खरा माल." त्याने खिशातून कापडाचा चौकोन काढला. मी काडी ओढली. कागदाचा वास, मऊ राख. तोलून आम्लात टाकला, सगळा विरघळला. तुकडा शंभर टक्के सुती होता. तो म्हणाला, "हे जमलं तर भोसरीतले आणखी चार कारखाने मी तुमच्याकडेच पाठवतो."

नसीम, मला माहीत होतं. तो तुकडा त्या थानातला नाही, हे हातात घेताक्षणी माहीत होतं. वीणही वेगळी होती. मी त्याला म्हणायला हवं होतं, चला, गोदामात जाऊ. रिक्षाने अर्धा तास लागला असता. मी गेले नाही. मी नवीन रिपोर्ट टाइप केला, त्यावर त्याच थानांचे नंबर घातले, आणि सही केली. मनाशी म्हटलं, मी खोटं काही लिहिलेलं नाही, समोर आलेलं कापड सुतीच होतं. आणखी एक म्हटलं, आणि त्याची मला जास्त लाज वाटते. म्हटलं, पॉलिस्टर मिसळलं तर काय झालं? टिकेल, लवकर वाळेल, त्यांच्या बायकांचे हात वाचतील. आपल्या भांडणातला माझा मुद्दा मी तिथे वापरला.

कार्बनची प्रत पुस्तकात राहिली. ती फाडायचं धाडस माझ्याच्याने झालं नाही.

चार-पाच महिन्यांनी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. भोसरीच्या त्याच कारखान्यात वेल्डिंग करताना ठिणगी पडून कामगार भाजला, राहणार लोणी काळभोर. तू वाचलंस आणि छत्री घेऊन निघालीस. तू ससून रुग्णालयात गेलीस, मी गेले नाही, मला गिऱ्हाईक यायचं होतं असं मी म्हणाले. संध्याकाळी परत आलीस तेव्हा तुझ्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला बाहीचा तुकडा होता. त्याच्या कडेला काळे मणी होते. सुती असतं तर जळालं असतं, पण झटकता आलं असतं. हे वितळलं होतं आणि कातडीला चिकटलं होतं. तू माझ्याकडे पाठ करून तासभर काम केलंस. मग रिपोर्टचं पुस्तक काढलंस. मी माझ्या टेबलावरून बघत होते. तू पानं उलटत गेलीस, एका पानावर थांबलीस. किती वेळ थांबलीस, मला सांगता येणार नाही. मग पुस्तक मिटून कपाटात ठेवलंस, हात धुतलेस आणि म्हणालीस, "चहा घेणार?"

मी "हो" म्हणाले.

तेव्हा बोलायला हवं होतं. चहा होता, आपण दोघीच होतो, खाली अब्बा दुकान बंद करत होते. मी कप संपवला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी तू भिंतीवर एक कागद लावलास, नमुना आपणच थानातून कापायचा, प्रत्येक रिपोर्टवर दोन सह्या. माझ्याकडे बघून काही बोलली नाहीस. त्यापेक्षा तू ओरडली असतीस तर मी तुला सगळं सांगून टाकलं असतं, असं मी पुढे पुष्कळदा स्वतःला सांगितलं. आता वाटतं, तेही खरं नव्हे.

त्यानंतर गिऱ्हाइकं कमी होत गेली. एकामागून एक कारखाने आपल्याकडे यायचे थांबले. मला वाटलं, मोठ्या लॅब आल्या, मशिनं आली, आपले दिवस संपले. तू काहीच म्हणत नव्हतीस. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला. एका कंपनीला कपड्यांच्या निर्यातदारांसाठी सॉफ्टवेअर करायचं होतं, त्यांना कापडातलं कळणारं माणूस हवं होतं. हिंजवडीत तेव्हा रस्त्यापेक्षा मातीच जास्त होती. तू म्हणालीस, "जा. तिथे पण तपासायचंच काम आहे ना?" मी म्हटलं, "हो, टेस्टिंगच." तू म्हणालीस, "मग जमेल तुला." टोमणा होता की नाही, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

लॅब तू एकटीने टिकवलीस. आपली मैत्रीही तूच टिकवलीस. माझ्या मुलीच्या जन्माला तू अंगडी आणलीस, मऊ मलमलची, शिवणी बाहेरच्या बाजूला काढून स्वतः शिवलेली. "बाळाच्या कातडीला शिवण टोचते," म्हणालीस. ईदला मी यायचे, तू शीरखुर्म्याची वाटी पुढे करून माझ्या ऑफिसच्या कपड्यांची चिरफाड करायचीस. "एसीत बसायला हे ठीक आहे. स्वयंपाकघरात जाऊ नकोस यात." अब्बा गेले तेव्हा तू माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. त्या दिवशी माझ्या मनात आलं, जिने मला एवढं जवळ धरलं आहे, तिला मी एक वाक्य सांगू शकत नाही.

आणि तू मला वाटही करून देत होतीस. तीनदा विचारलंस. "वंदना, लोणी काळभोरला जायचंय, येतेस?" कशाला, हे मी विचारलं नाही, कारण पेपरातल्या त्या चार ओळी मला पाठ होत्या. पहिल्यांदा मुलीला ताप होता. दुसऱ्यांदा मी नुसतंच नाही म्हणाले. तिसऱ्यांदा, आत्ता मागच्या जानेवारीत, मी म्हटलं, "रविवारी सॉफ्टवेअरचं रिलीज आहे गं." तू फोनवर म्हणालीस, "बरं. तुझं रिलीज होऊ दे." मला वाटलं, वर्ष पडलंय, पुढच्या खेपेला जाऊ.

परवा मी एकटी गेले. सलीमकडून पत्ता घेतला, हडपसरहून बस धरली. घर गावाच्या मागच्या अंगाला, उसाच्या शेताला लागून आहे. दारात मारुतीरावांची बायको गहू निवडत बसली होती. "कोन पायजे?" मी म्हटलं, "मी वंदना. नसीमची मैत्रीण." मारुतीराव आतून आले. "त्या दिवशी जिन्यात दिसला हुता तुमी," ते म्हणाले. "घाईत हुता."

मला बसायला खुर्ची दिली आणि ते दोघं तुझ्याबद्दल बोलायला लागले. मला मध्ये बोलताच येईना. तू दर जानेवारीत यायचीस म्हणे. मारुतीरावांचा हात बघायचीस आणि मग घरातलं कापड बघायचीस, पोरांच्या शाळेच्या पॅन्टपासून दारातल्या पडद्यापर्यंत. "मला म्हनायच्या, ही साडी नेसून गॅसपाशी जाऊ नको," त्यांची बायको म्हणाली. "दोन सुती लुगडी आनली हुती माझ्यासाठी. चुलीपाशी हीच नेसायची म्हनल्या. रागवायच्या बी."

मग मारुतीरावांनी मला ते सांगितलं, जे मला ठाऊक नव्हतं.

"कंपनी म्हनत हुती, ह्यानं घरचं कापड घातलं असनार. आमी दिल्यालं कापड सुती हाय, लॅबचा कागद हाय आमच्याकडं. मला काडून टाकनार हुते. मी तर झोपून. बाईंनी कंपनीला पत्र लिवलं. जळालेलं कापड तेच हाय, आन त्याचा जो कागद हाय तो चुकीचा हाय, चूक आमच्या लॅबची. मंग कंपनीला बोलायला जागाच ऱ्हायली न्हाई. स्टोअरला बसवलं मला. रिटायर होस्तवर तिथंच हुतो."

ते आत गेले आणि पत्राची प्रत घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेली. तुझं अक्षर, लॅबचा शिक्का. तारखेवरून मला कळलं, आपण चहा घेतला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू ते लिहिलंस. म्हणजे गिऱ्हाइकं मोठ्या लॅबमुळे गेली नव्हती. जी लॅब स्वतःच आपला कागद खोटा होता असं लिहून देते, तिच्याकडे कोण येणार? तू रिकाम्या टेबलाशी बसून राहिलीस, मी बाजार बदलला म्हणत हिंजवडीला गेले, आणि तू मला तसं समजू दिलंस. पत्रात माझं नाव कुठेच नव्हतं. "आमच्याकडून झालेली चूक." तो रिपोर्ट झाला त्या दिवशी तुझा अब्बांच्या उशाशी बसण्यापलीकडे कशाशी संबंध नव्हता, आणि तू "आमच्याकडून" लिहिलंस.

मी तुझ्यावर रागावले, नसीम. तिथे बसल्या बसल्या रागावले. तुला वाटलं असेल, मला वाचवते आहेस. मला तसं वाचायचं नव्हतं. आणि लगेच मनात आलं, मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस, वंदना?

मी त्यांना सगळं सांगितलं. पुरवठादार, खिशातला तुकडा, वीण वेगळी दिसत होती ते, न केलेली रिक्षा. मारुतीराव ऐकत होते. त्यांची बायको गव्हातले खडे काढायची थांबली होती.

"मंग इतकी वर्सं कुठं हुता तुमी?" तिने विचारलं.

"पुण्यातच," मी म्हणाले.

ती ताट उचलून आत गेली. मारुतीराव अंगणाकडे वळले. मग म्हणाले, "बाईंना म्हाईत हुतं?"

"हो."

"तरी चूक आमची म्हनल्या."

"हो."

ते उठले. कोनाड्यातून पेन आणलं आणि तुझ्या पत्राची ती प्रत माझ्यापुढे ठेवली. "हितं खाली लिवा," म्हणाले. "जे सांगितलं ते. त्यांचं नाव त्यातनं मोकळं होऊ द्या."

मी लिहिलं. पहिली ओळ खोडून पुन्हा लिहावी लागली. ही चूक नसीमची नाही, लॅबची नाही, माझी आहे. कसं झालं ते पाच ओळींत लिहिलं. खाली पूर्ण नाव, सही.

त्यांची बायको बाहेर आली, चष्मा लावून कागद वाचायला बसली. एकेका शब्दावर बोट ठेवत तिने तो दोनदा वाचला. मग घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पिशवी नवऱ्याच्या हातात दिली. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "आता जावा तुमी. साडेपाचची बस मिळंल."

मिळाली. खिडकीशी जागाही मिळाली. हडपसर येईपर्यंत मी तुझ्याशी बोलत होते, तेही मोठ्याने. शेजारची बाई थोडा वेळ बघत राहिली आणि मग उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.